बडोद्यात भाड्याचं घर: दांडिया बाजारातल्या एजंट काकांचा रिव्ह्यू

महाराष्ट्रातून बदली होऊन बडोद्याला येणाऱ्यांसाठी हे लिहितेय. आम्ही पुण्याहून इकडे यायचं ठरलं तेव्हा मी खूप शोधलं पण मराठीत कामाचं काही मिळालं नाही, जे मिळालं ते बिल्डरच्या जाहिरातीसारखं, 'प्राइम लोकेशन, शाळा जवळ, हॉस्पिटल जवळ' वगैरे, आणि त्यावरून कुणी घर ठरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तर हा रिव्ह्यू एका एजंटचा आहे. काकांचं नाव आणि नंबर देत नाहीये कारण त्यांनीच नको म्हटलंय, त्यांचं काम तोंडोतोंडी चालतं आणि अनोळखी फोन आता झेपत नाहीत म्हणाले. दांडिया बाजारात कुठल्याही जुन्या मराठी घरात विचारलंत तर त्यांच्यापर्यंत पोचाल. आणि नाही पोचलात तरी त्यांनी घर कसं दाखवलं ते वाचा, ती पद्धत कुठल्याही एजंटकडून करून घेता येते.

आधी आमची परिस्थिती सांगते म्हणजे अंदाज येईल. मिस्टरांची कंपनी सावली रोडला, मंजुसरच्या पुढे. मुलगी चौथीत, सासूबाई सोबत, त्यांचे गुडघे दुखतात त्यामुळे लिफ्ट नाहीतर पहिला मजला हवाच. बजेट पंधरा हजारांपर्यंत. आणि आम्ही पुण्यात राहायचो सिंहगड रोडला. 25 जुलै 2024 ला एकता नगरीत पाणी शिरलं ते आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, लोकांना बोटीतून बाहेर काढताना आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, मुलीच्या वर्गातल्या एका मैत्रिणीचं सगळं घर गेलं. त्यामुळे नवीन शहरात घर बघताना भाडं किती हा माझा पहिला प्रश्न नव्हताच, पाणी कुठवर येतं हा होता.

आणि बडोद्यात हा प्रश्न विचारल्याशिवाय घर घेऊच नये. विश्वामित्री शहराच्या मधून वळणं घेत जाते. शहराला पाणी देणारं आजवा सरोवर सयाजीराव महाराजांच्या काळात, 1890 च्या सुमारास बांधलेलं, ते भरलं की जास्तीचं पाणी येतं विश्वामित्रीत. वर आजव्याला पाऊस आणि खाली शहरातही पाऊस असं एकाच वेळी झालं की नदी फुगते आणि बाहेर पडते. 31 जुलै 2019 ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला होता. ऑगस्ट 2024 ला तर नदी 35 फुटांच्या आसपास गेली, आणि धोक्याची खूण आहे 26 फुटांच्या आसपास, म्हणजे विचार करा. समा, हरणी, कारेलीबागेचा काही भाग, फतेहगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर, कलाली, कितीतरी ठिकाणी लोक दोन-तीन दिवस वरच्या मजल्यावर अडकून पडले, लाइट नाही, दूध नाही, आणि नदीत मगरी आहेत त्या सोसायट्यांमध्ये आल्या ते वेगळंच. पावसाळ्यात इथली माणसं आजव्याची पातळी आणि विश्वामित्रीची पातळी क्रिकेटच्या स्कोअरसारखी एकमेकांना विचारतात. 2025 च्या पावसाळ्याआधी महापालिकेने नदीचं पात्र साफ करून रुंद करायचं मोठं काम केलं, ते चांगलंच झालं, पण म्हणून चौकशी न करता तळमजला घेऊ नका.

आता ॲपवरचे एजंट. मी पुण्यातूनच बऱ्याच जणांशी फोनवर बोलले आणि एकालाही पाण्याबद्दल सरळ उत्तर देता आलं नाही. 'मॅडम इथे काही प्रॉब्लेम नाही', 'मॅडम पाणी तर पूर्ण बरोडात भरलं होतं', 'मॅडम आता नदी साफ केली ना', असली उत्तरं. एकाने तर समा-सावली रोडवरच्या एका सोसायटीचे फोटो पाठवले, नवा रंग, नवी फरशी, भाडं आजूबाजूपेक्षा कमी, आणि मी विचारलं की 2024 ला इथे पाणी आलं होतं का, तर दोन दिवस उत्तरच नाही आणि नंतर दुसऱ्याच घराचे फोटो. आडनाव मात्र सगळ्यांनी पहिल्याच मिनिटाला विचारलं. नाव सांगितलं की 'पूरं नाम? सरनेम?' आणि सरनेम सांगितल्यावर दोन ठिकाणी 'ओनर ना पाडे छे'. कारण नाही, काही नाही. आधी घर रिकामं होतं, आडनाव ऐकल्यावर भरलं. याबद्दल पुढे लिहिते कारण काकांना मी मुख्य मार्क त्याचेच देते.

काकांचा पत्ता मिळाला मिस्टरांच्या कंपनीतल्या एका सहकाऱ्याच्या आईकडून. दांडिया बाजारात एका जुन्या बिल्डिंगच्या खाली चिंचोळी खोली, एक टेबल, भिंतीवर महाराजांचा फोटो आणि दगडूशेठचं कॅलेंडर, कंप्युटर नाही. एक लांबडी वही आहे, हिशेबाची असते तसली, त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान. काकांचं घराणं चार-पाच पिढ्या बडोद्यात, मराठी बोलताना मध्येच 'हां ने', 'चालेल ने' येतं, आणि घरमालकाशी फोनवर बोलायला लागले की फक्कड गुजराती. बसल्या बसल्या त्यांनी मला विचारलं ते असं: माणसं किती, कामाला कोण कुठे जातं, शिफ्ट आहे का, कंपनीची बस कुठे थांबते, मुलगी कितवीत आणि कुठलं बोर्ड, म्हाताऱ्या माणसाला जिना चालतो का, गाड्या किती, खाण्यात काय काय. आडनाव विचारलं नाही. शेवटी पावतीवर लिहायला लागलं तेव्हा विचारलं, तोवर घर ठरून गेलेलं होतं.

खाण्याचं का विचारलं ते त्यांनी आधीच सांगितलं. इथे बऱ्याच सोसायट्यांमध्ये नॉनव्हेज चालत नाही, काही ठिकाणी अंडीसुद्धा. आम्ही मासे खातो, सासूबाई मूळच्या रत्नागिरीच्या, त्यांना आठवड्यातून एकदा तरी लागतंच. काका म्हणाले, "ताई, खोटं सांगून घर घेऊ नका. अकरा महिने खिडक्या लावून तळत बसाल आणि शेजारी रोज वास घेत बसतील, दोघांचं सुख जाईल. मी विचारून ठेवतो, जिथे हो म्हणतील तेवढीच घरं दाखवतो." आणि खरोखर त्यांनी दाखवलेल्या एकाही घरी हा विषय आमच्यासमोर अवघडल्यासारखा निघाला नाही. मालकांना आधीच माहीत होतं. मी पुण्यातही भाड्याने राहिलेय पण एजंटने असं आधीच सगळं स्पष्ट करून ठेवलेलं कधी बघितलं नव्हतं.

आडनावाचं सांगते. आम्ही टेबलाशी बसलेलो असताना एका मालकाचा फोन आला, स्पीकरवर नव्हता पण काकांचा फोन इतका मोठ्याने आहे की सगळं ऐकू येतं. तिकडून विचारलं गेलं की लोक कुठल्या जातीचे. काका गुजरातीत म्हणाले की ते मी विचारत नाही, भाडं एक तारखेला येईल आणि घर जसं दिलं तसं परत मिळेल एवढं मी सांगतो, बाकी हवं असेल तर दुसरा एजंट बघा. आणि फोन ठेवला. आवाज चढवला नाही की आमच्याकडे बघून काही भाषण केलं नाही, वहीत त्या घरावर काट मारली आणि पुढचं पान उलटलं.

मला ते फार मोठं वाटलं आणि त्याला कारण आहे. हेच ते शहर आहे जिथे 1917 साली डॉ. आंबेडकरांना राहायला जागा मिळाली नव्हती. सयाजीराव महाराजांची स्कॉलरशिप घेऊन कोलंबियाला शिकून आलेला माणूस, करारानुसार बडोदा संस्थानात नोकरीला आला, आणि भाड्याने खोली देईना कुणी. पारशी धर्मशाळेत राहिले तर जात कळल्यावर तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. मग ते कमाटीबागेत झाडाखाली जाऊन बसले, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून जपलेली आहे. आम्ही बडोद्यात आल्यावर मुलीला घेऊन सगळ्यात आधी तिथेच गेलो. एवढ्या वर्षांनंतर फोनवर 'सरनेम?' ऐकलं की पोटात कालवतं, मग आडनाव कुठलंही असो. त्यामुळे जो एजंट हा प्रश्न विचारत नाही आणि मालकालाही विचारू देत नाही त्याचं काम चोख आहे असं मी म्हणेन, घर मिळो न मिळो.

आता प्रत्यक्ष घरं दाखवणं. इथे काका खरे मास्तर आहेत.

पहिलं घर समाच्या बाजूला होतं, सावलीला जायला एकदम सोयीचं, मिस्टरांना लगेच आवडलं. टेनामेंट, म्हणजे आपल्याकडच्या रो-हाउससारखं घर, पुढे छोटं अंगण, तुळस, मुलगी झोपाळा बघून नाचायलाच लागली. काका आत गेले आणि हॉल वगैरे काही न बघता सरळ किचनमध्ये जाऊन सिंकखालचं कपाट उघडून खाली बसले, त्या वयात, गुडघ्यावर हात ठेवून. मला म्हणाले इकडे या, हात लावा. प्लायचा खालचा एक वीतभर भाग फुगलेला, वरून नवा सनमायका मारलेला पण कड सुटलेली, बोटाने दाबलं की मऊ लागायचं. मग हॉलमधले प्लगपॉइंट दाखवले, सगळे छातीच्या उंचीला, आणि खाली गुडघ्याच्या उंचीला भिंतीवर चौकोनी ठिगळं, जुने पॉइंट बुजवून वर घेतलेले. मग बाहेर मीटरच्या पेटीमागे. घराला रंग मारताना पेटी काढत नाहीत, तिच्यामागे जुनी भिंत तशीच राहते. तिथे मातकट रंगाची आडवी रेघ, माझ्या कमरेच्या थोडी वर. काका म्हणाले, "ही चोवीसची." आणि त्याच्या वीतभर खाली पुसट दुसरी होती, ती एकोणीसची असणार म्हणाले पण खात्रीने नाही सांगत.

मालकीणबाई तिथेच उभ्या होत्या, त्यांनाही काकांनी अपमान होईल असं काही म्हटलं नाही. उलट त्या स्वतःच बोलायला लागल्या, की बेन, तीन दिवस आम्ही गच्चीवर होतो, फ्रिज तरंगत होता, आता मुलाकडे गोत्रीला राहायला गेलो म्हणून घर भाड्याने द्यायचंय. बिचाऱ्यांचा तरी काय दोष. फक्त ज्याला हे चालतं, म्हणजे तरणी मुलं, सामान कमी, पावसाळ्यात गावी जाऊ शकतात, त्यांनी ते घर घ्यावं, भाडं खरंच कमी होतं. सासूबाईंना घेऊन आम्ही नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती म्हणजे मालकाला विचारायचं नाही, इस्त्रीवाल्याला विचारायचं. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक इस्त्रीची टपरी नाहीतर पानाचा गल्ला असतोच. त्याला घर भाड्याने जावं की जाऊ नये याचं काही सोयरसुतक नसतं आणि त्याची टपरी रस्त्यावर असल्याने पाणी कुठवर आलं होतं हे त्याच्याइतकं कुणालाच पक्कं माहीत नसतं. काका नुसतं थांबून विचारायचे, भाई, चोवीसला तुझं टेबल कुठवर बुडालं होतं? आणि तो हाताने दाखवायचा. कुणी घोट्यापर्यंत, कुणी 'आखी लारी गई', म्हणजे गाडीच वाहून गेली. एकाच भागात दोन गल्ल्यांमध्ये केवढा फरक असतो ते तेव्हा कळलं, एक गल्ली कोरडी आणि तिच्या मागची, फक्त चार पायऱ्या खोल असलेली, तिथे कमरेएवढं. म्हणून 'कारेलीबाग चांगलं का', 'समा वाईट का' असे प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, गल्ली विचारा, मजला विचारा, आणि लिफ्टची मशीन वर आहे की खाली, मीटर तळमजल्यावर आहेत की उंचावर, पाण्याची मोटर कुठे बसवलीय तेही विचारा. घर तिसऱ्या मजल्यावर असलं तरी मीटर बुडाले की चार दिवस अंधारच.

एरियांचं थोडक्यात सांगते, आमच्या गरजेच्या हिशेबाने, तुमची गरज वेगळी असेल. अलकापुरी स्टेशनजवळ आणि महाग. गोत्री, वासणा-भायली बाजू नवी, मोठे रस्ते, मोठे फ्लॅट, हॉटेलं भरपूर, पुण्याच्या बाणेर-बालेवाडीतून येणाऱ्यांना तेच आवडेल, पण सावलीला कामाला जाणाऱ्याने तिथे राहू नये, रोज अख्खं शहर ओलांडायचं. मकरपुरा जीआयडीसीला नोकरी असेल तर मांजलपूर बघा, मराठी कुटुंबंही पुष्कळ आहेत. वाघोडिया रोड आणि आजवा रोड बजेटमध्ये बसणारे, तिथेही आपली माणसं बरीच. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा हा जुना गाभा, गणपतीत तिथे राहण्यासारखं सुख नाही, खंडेराव मार्केट जवळ, भाजी-फुलं ताजी, पण पार्किंग विसरा आणि घरांना जिने उभे. शेवटी आम्ही निझामपुऱ्यात घेतलं, छाणी जकातनाक्याकडून दुमाड चोकडीला बाहेर पडता येतं, कंपनीची बस जवळ थांबते, आणि इस्त्रीवाल्याने घोट्याच्या खाली हात दाखवला. पहिला मजला, 2 बीएचके, भाडं 14 हजार, दोन महिन्यांचं डिपॉझिट, काकांचं कमिशन अर्ध्या महिन्याचं भाडं. ॲपवाल्याने पूर्ण महिन्याचं मागितलं होतं.

एक गोष्ट अजून चांगली केली त्यांनी. घर पसंत पडल्यावर म्हणाले लगेच टोकन देऊ नका, साहेबांना उद्या शिफ्टच्या वेळेला इथून निघून कंपनीत जाऊन बघायला सांगा, आणि तुम्ही संध्याकाळी सात वाजता येऊन गल्लीत उभ्या राहा. संध्याकाळी सातला गल्ली कशी असते हे दुपारी बाराला घर बघून कळत नाहीच ना. मी गेले, बायका ओट्यावर बसलेल्या, पोरं सायकली फिरवत होती, एका आजींनी मी मराठी आहे कळल्यावर हाताला धरून बसवलं आणि कुठल्या शाळेत घालणार, दूध कुणाकडून घ्यायचं इथपासून सगळं सांगितलं. तेव्हाच माझं ठरलं.

कागदपत्रांचं जे त्यांनी सांगितलं ते इथे लिहून ठेवते, राज्य बदलताना उपयोगी पडेल. करार अकरा महिन्यांचा. भाडेकरूची नोंद पोलीस स्टेशनला करायची, ते मालकाकडून करून घ्या, टाळू देऊ नका. लाइट बिल एमजीव्हीसीएलचं, दोन महिन्यांनी एकदम येतं आणि गुजरातीत असतं, त्यामुळे घरात शिरताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा. वेरा बिल म्हणजे घरपट्टी, ती मालकाची, करारात तसं लिहून घ्या. बऱ्याच भागात पाइपचा गॅस आहे, बडोदा हे पाइपने घरगुती गॅस मिळालेल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या शहरांपैकी. महाराष्ट्राची गाडी असेल तर पुण्याच्या आरटीओतून एनओसी आणून वर्षाच्या आत जीजे-06 नंबर करून घ्यावा लागतो, इथला रोड टॅक्स भरायचा आणि तिकडच्या उरलेल्या टॅक्सचा परतावा मागायचा, हे काम चिकट आहे, पहिल्या दोन महिन्यांतच लावून टाका. शाळेचं: 2023 च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती विषय सगळ्या बोर्डांच्या शाळांना सक्तीचा आहे, त्यामुळे चौथी-पाचवीतलं मूल घेऊन येत असाल तर यायच्या आधीपासूनच अक्षरं गिरवायला द्या. देवनागरी येणाऱ्या मुलाला अवघड जात नाही, वरची रेघ काढून टाकली की अर्धी अक्षरं ओळखीचीच, आमची मुलगी आता दुकानांच्या पाट्या वाचत जाते. आणि सामान पाठवताना दारूची बाटली ट्रकमध्ये जाऊ देऊ नका, कुणी भेट दिलेली, शोकेसमधली, काहीही, इथे दारूबंदी आहे, आणि ती गंभीरपणे घ्यायची गोष्ट आहे. हे काकांनी सामान निघायच्या आधी स्वतःहून फोन करून सांगितलं, ट्रकवाल्यांनी नाही.

विकत घ्यायचं म्हणाल तर काकांचा सल्ला की एक अख्खा पावसाळा भाड्याने काढल्याशिवाय घेऊच नका, आणि घेताना तो भाग अशांत धाऱ्यात येतो का ते बघा, म्हणजे 1991 चा कायदा आहे ज्यात ठरावीक भागांत घर विकायला-घ्यायला कलेक्टरची परवानगी लागते. जुन्या शहरातल्या घराचा व्यवहार त्यामुळे अडून बसू शकतो. हे मला एकाही वेबसाइटवर ठळक लिहिलेलं दिसलं नाही.

कमी काय आहे तेही सांगायला हवं. फोटो, व्हिडिओ पाठवत नाहीत, तुम्हाला स्वतः यावं लागतं, पुण्या-मुंबईहून नुसत्या फोनवर काम करायचं असेल तर जमणार नाही. भायली, सेवासीकडच्या नव्या स्कीम त्यांना फारशा माहीत नाहीत, ते स्वतःच सांगतात की तिकडचं मला विचारू नका. एकट्या राहणाऱ्या मुलामुलींसाठी त्यांच्याकडे घरं जवळजवळ नाहीत, त्यांचे मालक सगळे जुने, कुटुंबालाच देणारे. याचं मला वाईट वाटलं, कारण एकट्या नोकरी करणाऱ्या मुलींना नव्या शहरात अशा माणसाची गरज आमच्यापेक्षा जास्त असते, आणि जातीच्या बाबतीत जो माणूस मालकाशी इतका ठाम बोलतो त्याने या बाबतीतही बोलावं असं मी त्यांना सांगून आले. 'बघतो' म्हणाले. आणि घाईत असाल तर जाऊ नका. प्रत्येक घर बघून झालं की चहा होतो, त्या भागाचा इतिहास होतो, अरविंद घोष बडोद्यात असताना कुठे राहायचे तिथपासून 2018 च्या साहित्य संमेलनात कोण कुठे उतरलं होतं तिथपर्यंत. मला ते ऐकायला आवडलं, मिस्टर घड्याळ बघत होते. करार तयार व्हायलाही सांगितल्यापेक्षा जास्त दिवस लागले, तेवढे दिवस आम्ही गेस्ट हाउसला काढले, त्याचा खर्च झाला.

राहायला आल्यावर पहिल्या पावसाळ्यात काकांचा फोन आला होता, जोरात पाऊस चालू होता तेव्हा, घोट्याच्या वर गेलं का म्हणून. गेलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी थोडं साचलं आणि तासाभरात उतरलं. कमिशन घेऊन झाल्यावर फोन करणारा एजंट मी पहिल्यांदा बघितला.

पाचपैकी साडेचार देते, अर्धा करारातल्या उशिरासाठी आणि एकट्या मुलींसाठी घरं नाहीत म्हणून कापला.

जायचं असेल तर सकाळी दहा ते एक किंवा चारनंतर जा, मधल्या वेळात बंद. गणपतीचे दहा दिवस भेटत नाहीत, मंडळात असतात. जाताना सगळ्यांची आधार कार्डं, कंपनीचं लेटर, पासपोर्ट साइज फोटो आणि मुलांच्या शाळेचा दाखला यांच्या झेरॉक्स घेऊन जा, आणि आजी-आजोबा सोबत राहणार असतील तर त्यांनाही एकदा घर बघायला आणा, जिना त्यांना चढायचा असतो म्हणून काका त्यांच्या होकाराशिवाय टोकन घेत नाहीत.